तयार ऊसाइट: कीटकांच्या रिसेप्टरसाठी घ्याव्यात का?

झेनोपस बेडकाच्या ऊसाइट, म्हणजे अंडपेशी, इंजेक्शनला तयार अवस्थेत कुरिअरने मिळतात. त्यांत कीटकाच्या रिसेप्टरचा, म्हणजे रासायनिक संदेश टिपणाऱ्या प्रथिनाचा, आरएनए टोचला की पेशी ते प्रथिन बनवते आणि त्यातून वाहणारा विद्युतप्रवाह मोजता येतो. बेडूक पाळणं नाही, शस्त्रक्रिया नाही, पेशी सुट्या करणाऱ्या कोलाजिनेज या विकराचा हिशेब नाही. सोय मोठी आहे. पण डबा आल्यावर पहिल्या तासात त्यांची निगा कशी राखली, यावर पुढचा आठवडा अवलंबून असतो.

डबा उघडताच द्रव बदला. वाटेत फुटलेली एक पेशी सोबतच्यांनाही खराब करते. मग सूक्ष्मदर्शकाखाली निवड: काळसर आणि फिकट अर्ध्यांमधली सीमा रेखीव हवी. रंग चट्टेचट्टे, संगमरवरासारखा दिसला की ती पेशी बाद. ठेवायचं १६ ते १८ अंशांवर, एनडी९६ या क्षारद्रवात २.५ मिलिमोलर पायरुवेट (पेशीचं इंधन) आणि जेंटामायसिन हे प्रतिजैविक घालून, रोज द्रव बदलत. ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवू नका.

आरएनए ५० नॅनोलिटरपर्यंतच सोडा. सुई टेकली की पेशीला खळगा पडतो, आत शिरली की तो भरून येतो. खळगा तसाच राहिला तर सुई बोथट आहे. जोर लावू नका, टोक पुन्हा तोडा.

फळमाशीचा आरडीएल हा गाबा या मज्जासंदेशकाचा रिसेप्टर एकाच प्रकारच्या उपघटकापासून (प्रथिनाच्या तुकड्यापासून) बनतो, त्यामुळे अशा पेशींत तो सहज उतरतो. फिप्रोनिलसारख्या कीटकनाशकांची चाचणी करणाऱ्यांनी बिनधास्त घ्याव्यात.

ॲसिटिलकोलीन हा संदेशक टिपणाऱ्या निकोटिनिक रिसेप्टरचं गणित वेगळं. फळमाशीत त्यांचे १० उपघटक आहेत आणि अल्फा आणि बीटा प्रकारच्या उपघटकांची जोडी नुसती टोचली तर बहुतेकदा प्रवाह येतच नाही. मग दोष पेशींना दिला जातो, आणि तो अन्यायच आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसलं की टीएमएक्स३ हे मदतनीस प्रथिन सोबत दिलं तर हे रिसेप्टर पेशीत नीट उभे राहतात. रिक-३ आणि यूएनसी-५० या आणखी दोन मदतनीस प्रथिनांनी प्रवाह आणखी वाढतो. त्यांचे आरएनए पुरवठादार देत नाही, आपणच बनवायचे. मोजताना कॅल्शियमऐवजी बेरियम वापरा, नाहीतर पेशीचा स्वतःचा कॅल्शियमने चालू होणारा क्लोराइड प्रवाह मापात मिसळतो.

खरी उणीव पाकिटावर आहे: पेशी काढल्याची तारीख अनेकदा छापलेलीच नसते. ती मागून घ्या. प्रत्येक खेपेतल्या चार-पाच पेशींत आरडीएल टोचा. उणे ६० मिलिव्होल्टवर गाबाला प्रवाह आला, तर पेशी ठीक आहेत. चूक आपल्या आरएनएमध्ये शोधा.