गिटारच्या बाजू वाकवायची बेंडिंग आयर्न घेताना मी कशी फसले

मागच्या दिवाळीनंतर मी एक बेंडिंग आयर्न विकत घेतली आणि तीत माझे ११,८०० रुपये गेले. पैशांचं वाईट वाटतंच, पण त्याहून जास्त वाईट वाटतं ते चार शिसवी पट्ट्यांचं. आमच्या आजोबांच्या पलंगाची एक लांब फळी घर बदलताना मी जपून ठेवली होती. ती वखारीतून चिरून आणली, रंधा मारून, घासून दोन मिलिमीटरपर्यंत आणली आणि तिच्या सहा पट्ट्या निघाल्या. म्हणजे तीन गिटारच्या बाजू. त्यांतल्या चार आता तुटून, जळून माझ्या माळ्यावर पडल्या आहेत. आणखी कुणाचं लाकूड असं जाऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गिटारच्या कडेनं फिरणारी पट्टी दोनेक मिलिमीटर जाडीची असते, व्हायोलिनची तर एक मिलिमीटरच्या आसपास. लाकूड सरळच असतं, ते ओलसर करून तापलेल्या धातूवर टेकवायचं आणि वाकवायचं. विजेवर तापणारा तो धातू म्हणजेच बेंडिंग आयर्न. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं लिग्निन उष्णतेनं आणि ओलाव्यानं मऊ पडतं, आणि गार झालं की त्याच आकारात घट्ट होतं. धातू साधारण १६० ते २०० अंशांच्या मध्ये हवा. कमी तापला तर लाकूड मऊ पडायच्या आधीच आपण जोर करतो आणि ते मोडतं. जास्त तापला तर पाणी क्षणात उडून जातं, पृष्ठभाग करपतो आणि कोरडी पडलेली पट्टी तडकते. सगळा खेळ या मधल्या पट्ट्यातला आहे. योग्य तापमानाला लाकूड सैल पडतं ते हाताला कळतं. जोर लावावा लागत नाही, ते आपणहून येतं. मला हे आता माहीत आहे. तेव्हा फक्त वाचून माहीत होतं.

आपल्याकडे ही वस्तू दुकानात मिळत नाही, आणि त्याला कारण आहे. माझ्या गावापासून, कोल्हापूरपासून, मिरज तासाभरावर. तिथल्या सतार आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिथे कुणाला बाजू वाकवावी लागत नाही, गोलाई भोपळाच देतो. सारंगी तर अखंड लाकडातून कोरतात. पट्टी वाकवून पोकळ पेटी करायची रीत आपल्याकडे व्हायोलिन-गिटारबरोबर आली. त्यामुळे चार जाणत्या माणसांना विचारावं, त्यांनी हातात घेऊन सांगावं, ही सोयच नाही. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

मी याआधी दोन गिटार केल्या होत्या, पण त्यांच्या बाजू वाकवून तयार आलेल्या होत्या. या वेळी सगळं स्वतः करायचं होतं. शोधताना दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याचा व्हिडिओ सापडला. ‘भरीव अल्युमिनियम कास्टिंग, थर्मोस्टॅट, १०० ते २५० अंश, कुठल्याही तापमानाला स्थिर.’ व्हिडिओत तो लाल ठिपक्याची तापमान मोजायची गन रोखून दाखवत होता आणि पडद्यावर १७८ आकडा होता. फोनवर गोड बोलला. मला ताई म्हणाला, माझ्या आधीच्या गिटारचे फोटो मागवून घेतले, कौतुक केलं. पूर्ण रक्कम आधी भरायची होती. बिल ‘वस्तूबरोबर येईल’ म्हणाला. ते कधीच आलं नाही, आणि त्याचा फटका पुढे बसला.

आलेली वस्तू फोटोतल्यासारखी नव्हती. फोटोत पायाला चार स्क्रू होते, हिच्या पायाला दोन. मी विचारलं तर म्हणाला, ‘नवीन मॉडेल आहे ताई.’ वजन जेमतेम किलोभर. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण चंदेरी, चकचकीत, डायलवर सुबक छापलेले आकडे, आणि माझ्या डोळ्यांसमोर आधीच तयार झालेली गिटार. मी तो विचार मागे टाकला.

पहिली पट्टी. डायल १८० वर, वीस मिनिटं थांबले, पाणी शिंपडून कंबरेचा बाक द्यायला घेतला. गिटारची कंबर हीच सगळ्यांत अवघड जागा, कारण तिथे बाक उलटा फिरतो. अर्ध्या मिनिटात धूर आला, काळा डाग पडला आणि बाहेरच्या अंगानं पट्टी चिरत गेली. विक्रेत्याला फोटो पाठवला. ‘लाकूड जुनं आहे ताई, वाळलंय. रात्रभर भिजवा.’ पटण्यासारखं होतं. दुसरी रात्रभर भिजवली. शिसवीचा रंग पाण्यात उतरला, पट्टी रुंदीत पन्हाळीसारखी वळली, आणि या वेळी ती धातूच्या टोकाजवळ टेकवल्यावर तिथे पुरेशी ऊबच नव्हती म्हणून मोडली. तिसरीला त्यानं सांगितल्याप्रमाणे सावकाश दाब दिला, तीही करपली. तेव्हा तो म्हणाला, ‘ताई, हात बसायला वेळ लागतो. हे चपाती लाटण्यासारखं नाही.’

हे वाक्य मी विसरलेले नाही. फसवणारा माणूस फक्त पैसे नेत नाही. चूक तुमचीच आहे हे तो तुमच्या मनात भरवतो, आणि तुम्ही त्याच वस्तूवर आणखी चांगलं लाकूड खर्च करत राहता. मी चौथी पट्टी घेतली ती याच भावनेनं, की माझाच हात कच्चा आहे. ती वाकवताना ओल्या बोटांना मुंग्या आल्या. पहिल्यांदा वाटलं भास झाला. टेस्टर लावला तर धातूच्या अंगावर दिवा पेटला.

तिथे मी थांबले.

दुसऱ्या दिवशी ती घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेले. कोल्हापूरच्या माणसाला धातूचं काही अडलं की पाय तिकडेच वळतात. ओळखीच्या फौंड्रीतल्या मिस्त्रींनी ती हातात घेतली, वजन बघितलं आणि काही न बोलता खिशातून लोहचुंबक काढून टेकवला. टच्चकन चिकटला. ‘ह्ये अल्युमिनियम न्हाई ताई. पायपाला चंदेरी फासलंय.’ फाईलनं खरवडून म्हणाले, ‘जीआय पाईप हाय, चेपून लांबट केलाय.’ नळाला वापरतात तो पाईप.

आत सिगडीची उघडी कॉइल होती, मध्यभागी गुंडाळलेली. म्हणून मध्ये जाळ आणि टोकं गार. कॉइल एका बाजूला पायपाला जवळजवळ टेकलेली. तीन पिनांच्या प्लगमधून हिरवी वायर आत आली होती आणि पायात शिरल्यावर कापून सोडून दिली होती. म्हणजे अर्थिंग दिसायला होतं, असायला नव्हतं. आमचं घर जुनं, गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारा ब्रेकर नाही. ओल्या लाकडाशी, ओल्या हातांनी मी चार संध्याकाळी त्यावर काम केलं होतं.

आणि तो ‘थर्मोस्टॅट’ म्हणजे पंख्याच्या रेग्युलेटरसारखा डिमर. तापमान मोजणारं काहीही आत नव्हतं. हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण अशा स्वस्त वस्तूंमध्ये हीच फसवणूक सर्वांत सोपी आहे. थर्मोस्टॅट तापमान बघतो; ठरलेल्या अंशाला पोचला की वीज तोडतो, उतरला की जोडतो. घरातल्या इस्त्रीचा दिवा लागतो-विझतो तो त्यामुळे. डिमर फक्त वीज कमी-जास्त करतो. धातू किती तापला याची त्याला खबर नसते. तो तापतच जातो. त्या डायलवरचे आकडे नुसते छापलेले होते. मिस्त्रींकडे वायरचा थर्मोकपल, म्हणजे धातूला टेकवून तापमान मोजायचं साधन, होता. तो पायपाला टेकवून डायल १८० वर ठेवली. दहा मिनिटांनी साधारण १८० आले. विसाव्या मिनिटाला २९० आणि आकडा चढतच होता. विक्रेत्याचा व्हिडिओ बहुधा दहाव्या मिनिटाचा असणार.

की तोही नव्हता? आम्ही गन रोखून पाहिली. थर्मोकपल २९० सांगत असताना ती १५० च्या आसपास दाखवत होती. या गन वस्तूतून बाहेर पडणारी उष्णतेची किरणं मोजतात, आणि चकचकीत धातू किंवा चंदेरी रंग ती फार कमी सोडतो. त्यामुळे गन खोटं कमी दाखवते. धातूवर उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका दिला आणि त्यावर गन रोखली तर आकडा बराच खरा येतो. चंदेरी पृष्ठभागावर गन रोखलेला व्हिडिओ कुणी पुरावा म्हणून दाखवला तर तो पुरावा समजू नका.

हे सगळं चित्रित करून विक्रेत्याला पाठवलं. त्याचं उत्तर आलं ते फसवणुकीपेक्षा भयंकर होतं. ‘कॉइल काढून टाका आणि आतून गॅसची ज्योत सोडा, पुष्कळ कारागीर तसंच करतात.’ तांब्याच्या किंवा साध्या लोखंडी नळीत ज्योत सोडून बाजू वाकवतात हे खरं आहे, ती जुनी पद्धत आहे. पण जीआय पायपावर जस्ताचा लेप असतो. जस्त ४१९ अंशांना वितळतं, ९०७ ला उकळतं, आणि गॅसची ज्योत त्याहून तापते. तो पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंग करणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. बंद खोलीत कुणी त्याचा सल्ला ऐकला असता तर? म्हणून स्वतः नळी वापरून करणार असाल तर प्लंबरच्या दुकानातला पाईप घेऊ नका. साधी लोखंडी नळीही ओल्या लाकडावर निळसर-काळे डाग पाडते, विशेषतः टॅनिन हा तुरट घटक असलेल्या लाकडावर. तांबं किंवा अल्युमिनियम बरं.

पैशांचं म्हणाल तर, मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन केला. पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडे यूपीआयची पावती, बोलण्याचे स्क्रीनशॉट आणि पार्सलवरचं लेबल एवढंच होतं. तेवढ्यावर तक्रार घेतली गेली. तक्रार क्रमांक विक्रेत्याला पाठवला तेव्हा त्यानं ४,००० रुपये परत केले आणि माझा नंबर ब्लॉक केला. वस्तू आलीच नसती, तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायला हवा होता. तिथे जितका उशीर तितकी रक्कम हातातून निसटते.

कुणी विकत घेणारच असेल तर माझी विनंती आहे: पैसे देण्याआधी वजन विचारा. मुठीएवढ्या जाडीचा, वीतभर लांबीचा भरीव अल्युमिनियमचा ठोकळा दोन किलोंच्या वर भरतो. डायलला हात न लावता अर्धा-पाऊण तास चालवलेला, थर्मोकपल टेकवलेला व्हिडिओ मागा. दिवा लागतो-विझतो का पाहा. हातात आल्यावर, वीज जोडण्याआधी, मल्टिमीटरनं प्लगची जाड पिन आणि धातूचं अंग जोडलेलं आहे का तपासा. ‘टीं’ वाजलं नाही तर ती वापरूच नका. आणि पक्क्या बिलाशिवाय पैसे देऊ नका, समोरचा कितीही वेळा ताई म्हणो.

मी शेवटी स्वतः केली. ओतकामाच्या साच्यासाठी सागाचा नमुना (पॅटर्न) मी घासला, मिस्त्रींनी अल्युमिनियमचा ठोकळा ओतून दिला: एका अंगानं रुंद, दुसऱ्या अंगानं निमुळता, म्हणजे मोठा बाक आणि कंबर दोन्ही त्यावर होतात. लेथवाल्यानं दोन भोकं पाडली, त्यांत २५० वॅटचे दोन कार्ट्रिज हीटर, म्हणजे कांडीसारखे हीटर, घट्ट बसवले. ते सैल बसले तर लवकर जळतात, म्हणून भोकं हीटर हातात घेऊनच पाडली. थर्मोकपल, त्यावरचं तापमान वाचून वीज किती द्यायची ते ठरवणारा पीआयडी कंट्रोलर आणि त्याच्या सांगण्यानुसार वीज जोडणारा-तोडणारा सॉलिड स्टेट रिले. हा रिले बिघडला की बहुतेक वेळा चालूच अडकतो, म्हणून जास्त तापलं की वीज तोडणारा वेगळा थर्मल कटऑफ लावून घेतला. अर्थिंग स्क्रूनं ठोकळ्यालाच आवळलं आणि वायरमनकडून घरात गळती ओळखणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवला. ब्रेकर सोडून सगळं साधारण ६,५०० रुपयांत झालं. पट्टीच्या बाहेरून आता स्टीलचा पातळ पत्रा धरते. तापून मऊ पडलेलं लाकूड दाब सोसतं, ताण फारसा सोसत नाही, आणि तो ताण पत्रा घेतो.

वखारीतल्या साध्या सागाच्या पट्ट्या यावर सहज वाकतात. पहिल्यांदा लाकूड हातात सैल पडलं तेव्हा मी ओट्याशी एकटीच उभी होते आणि डोळ्यांत पाणी आलं. हात माझा कच्चा नव्हता.

जुनी आयर्न तीन हजारांना मागणारा एक जण भेटला. मी तिची वायर मुळापासून कापली आणि पाईप मिस्त्रींच्या भंगारात टाकला. आजोबांच्या पलंगाच्या दोन पट्ट्या कपाटात वजनाखाली सपाट ठेवल्या आहेत. सागावर आणखी दहा-बारा बाजू होईपर्यंत त्यांना हात लावणार नाही.