पन्हाळ्यावर मुक्कामी की गावात रोजचं?

मुलांचं उन्हाळी शिबिर पन्हाळ्यावर पाच दिवस मुक्कामी घेऊ की कोल्हापुरातच दहा दिवस सकाळचं, असं विचारणारे फोन जानेवारी संपला की सुरू होतात. मी दोन्ही केलंय. मुक्कामी दोनदा, गावातलं चारदा. माझा कल कुठे आहे ते यावरूनच कळेल, तरी जरा दमानं सांगतो, कारण पन्हाळ्याची बाजू अजिबात लंगडी नाही.

खपायला पन्हाळा सोपा, त्यात वादच नाही. गडावरच्या तीन दरवाजाचा एक फोटो आणि खाली "पाच दिवस, चार रात्री, तंबूत मुक्काम" एवढंच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं आणि आठवड्यात तीस जागा भरल्या. शिकवणार काय, हे कुणी विचारलंच नाही. तंबू आहे ना सर, शेकोटी आहे ना सर, आणि कोल्हापूरच असल्यामुळे तिसरा प्रश्न: मटण कुठल्या दिवशी?

आणि वर गेल्यावर गड आपलं काम आपणच करतो. संध्याकाळी मुलांना राजदिंडीपाशी नेलं, समोर मसाई पठार दाखवलं आणि सांगितलं की चार महिन्यांच्या वेढ्यानंतर, 1660 च्या जुलैत, भर पावसात, रात्री महाराज इथून विशाळगडाकडे निघाले. तोवर एकमेकांच्या टोप्या पळवणारी पोरं गप्प झाली. एकानं विचारलं, "अंधारात वाट कशी दिसली?" हा प्रश्न गावातल्या हॉलमध्ये पडद्यावर चित्रं दाखवून मला कधीच मिळालेला नाही. रात्री एका तंबूत चौघं झोपली की पहाटेपर्यंत त्यांची जी दोस्ती होते, ती सकाळी तीन तास भेटून होत नाही, हेही खरंच.

गावातलं शिबिर मात्र खपवावं लागतं. पहिल्या वर्षी मी पेपरात घालायला हजार हँडबिलं छापली. वर मोठ्या अक्षरात "व्यक्तिमत्त्व विकास". फोन आले पाच, त्यातले दोन हॉल भाड्यानं मिळेल का म्हणून. पुढच्या वर्षी ती ओळ काढली आणि लिहिलं, "सातव्या दिवशी तुमची मुलगी स्वतः चाकावर केलेली पणती घरी आणेल." माझ्या मते फरक त्या ओळीनं पडला, पण त्याच वर्षी मार्चमधल्या एका रविवारी तासभर फुकट लाठी शिकवली होती, त्याचंही असेल. मुलं घाम पुसत घरी गेली आणि शेजारच्यांना ओढून घेऊन आली. हँडबिलाचे पैसे तेव्हापासून वाचले.

जाहिरात कधी करायची, याची गोम मात्र दोन्हीकडे सारखीच. 2025 साली पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत चालल्या. परीक्षा सुरू असताना पालक शिबिराचं काही वाचत नाहीत आणि परीक्षा संपली की मामाच्या गावची तिकिटं काढलेली असतात. शाळेचं वेळापत्रक हातात पडल्यावरचे आठ-दहा दिवस हाच काय तो खरा हंगाम. तेव्हा तारखा ठरलेल्या नसतील तर पुढे कितीही फ्लेक्स लावा.

आता ज्या एका गोष्टीनं माझा निकाल लावला तिच्याबद्दल. तंबू वळवाच्या वाऱ्यानं उडाले, तो प्रकार हा नव्हे. ते उडालेच, मुलं हॉलमध्ये झोपली आणि तीच रात्र त्यांना सगळ्यांत जास्त आवडली. मुलींसाठी रात्री थांबणाऱ्या दोन ताई मिळवणं, स्वयंपाकी, अडीअडचणीला रात्रभर दारात उभी गाडी, हे सगळं खर्चिक असलं तरी जमतं.

जमलं नाही ते अंतर. पन्हाळा कोल्हापूरपासून फार तर वीस-बावीस किलोमीटर. कोल्हापूरकर संध्याकाळी वारा खायला आणि झुणका-भाकर खायला वर जातो, त्याला ते जाणं वाटतच नाही. दुसऱ्या दिवशी सहाच्या सुमाराला पहिली गाडी आली. "सहज वर आलो होतो सर, म्हटलं बघून जावं." हातात डबा. डब्यात शिरा. ज्या मुलानं आदल्या रात्री रडून रडून शेवटी झोप लावली होती आणि त्या दिवशी दुपारपासून हसत होता, तो आईला बघून पुन्हा पहिल्या रात्रीवर आला. त्याला घेऊन गेले. त्याच्या तंबूतला दुसरा म्हणाला, मलाही जायचंय. जेवणाच्या वेळेपर्यंत चार जण कमी. उरलेल्यांचं काय? ज्यांच्या घरचं कुणी आलं नाही ती मुलं फाटकाकडे बघत बसली. त्या रात्री राजदिंडीही उपयोगाची नव्हती.

पुढच्या वर्षी अर्जावरच ठळक छापलं, "शिबिराच्या काळात पालकांनी भेटीस येऊ नये." सगळ्यांनी सह्या केल्या. तिसऱ्या दिवशी एक आजोबा धोतर सावरत आले, पिशवीत बेसनाचे लाडू. मी अदबीनं कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाले, "यात पालक लिवलंय. मी आजोबा हाय."

यावर उत्तर नाही. त्यांच्यावर रागावता येत नाही आणि शिबिरही चालवता येत नाही. शिबिर दूर आंबोलीला किंवा दाजीपूरकडे नेलं असतं तर हा प्रश्न आला नसता, असं मला वाटतं. पण तिकडे मी नेलेलं नाही, तेव्हा त्यावर बोलत नाही. 2025 च्या जुलैत पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेला. त्यानंतर वर मला गर्दी वाढल्यासारखी वाटते. म्हणजे "सहज" येणारेही वाढणार.

गावातल्या शिबिराला स्वतःची दुखणी आहेत, ती लपवत नाही. पट कधी पूर्ण भरत नाही. मे महिना म्हणजे लग्नं, गावची म्हाई म्हणजे जत्रा, आत्याकडचं बारसं. नोंदवलेल्या बत्तीस मुलांतली चोवीस आली तर चांगला दिवस. म्हणून मी रोजचा धडा रोज संपेल असाच ठेवतो. काल न आलेल्याला आज काही अडू नये. नाटक बसवायचा मोह एकदा झाला होता. राजा म्हाईला गेला आणि प्रधानावर नाटक निभावलं. शिवाय साडेदहाला सुटलं तरी अकरापर्यंत दोन-तीन मुलं पायरीवर असतातच. रिक्षावाल्या मामांशी आधीच बोलून ठेवलं की तेही निम्मं सुटतं.

पण गावात माणसं मिळतात, आणि मला विचाराल तर पारडं तिथेच झुकतं. मर्दानी खेळाचे वस्ताद सकाळी तासभर येतात, लाठी धरायला शिकवतात, पट्टा दुरूनच दाखवतात आणि तालमीत परत जातात. त्यांना पाच दिवस पन्हाळ्यावर राहायला सांगून बघा. बापट कॅम्पातल्या कुंभारांची गणपतीची कामं उन्हाळ्यातच सुरू झालेली असतात, तरी एक सकाळ ते चाक फिरवून देतात, कारण दुपारी ते आपल्या मातीपाशी परत असतात. टाऊन हॉलच्या संग्रहालयात इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, लहानशी ब्राँझ मूर्ती आहे. पंचगंगेच्या काठी हा समुद्रदेव आला कसा, यावर मुलं अर्धा तास भांडली. कुणी म्हणालं व्यापाऱ्यानं आणला, कुणी म्हणालं पुरात वाहत आला. पूर म्हणणाऱ्याच्या घरात पाणी आलेलं होतं, त्यामुळे त्याला कुणी हसलं नाही. खासबागेत सकाळी नेलं तर शाहू महाराजांनी उभारलेला तो आखाडा रिकामा असतो. एका टोकाला उभं राहून कुणी हाक मारली की मुलांना मैदान केवढं आहे ते बरोबर कळतं. हे सगळं पायी किंवा रिक्षानं होतं आणि ऊन चढायच्या आत मुलं घरी असतात. वळीव दुपारनंतर येतो, तोवर आपली जबाबदारी संपलेली असते. याला कुणी पळपुटेपणा म्हणेल, म्हणू दे.

तुमच्याकडची मुलं तेरा-चौदाची असतील, आधी एकदा घराबाहेर राहिलेली असतील आणि घरच्यांचा तुम्हाला धाक वाटत नसेल, तर मुक्कामी घ्या, मी आडवा येणार नाही. आठ ते अकराच्या मुलांसाठी, आणि पहिल्यांदाच शिबिर घेत असाल तर, मी गावातलंच सांगेन.

पन्हाळा मात्र मला पूर्ण सोडवला नाही. आता दहाव्या दिवशी पहाटे बस करून मुलांना वर नेतो, राजदिंडी दाखवतो आणि पालकांनाच दहा वाजता तीन दरवाजापाशी बोलावतो. झुणका-भाकर खाऊन ज्यानं त्यानं आपापलं मूल आपापल्या गाडीतून न्यायचं. बसचं परतीचं भाडं वाचतं. गेल्या खेपेला निमंत्रण छापताना "पालक व आजोबा" असं लिहिलं होतं. आजोबा साडेनऊलाच हजर होते.