स्क्वॉड्रनचे बिल्ले शिवून हवेत? जळगावचं हे दुकान पाहा

फुले मार्केटजवळच्या या संगणकी भरतकामाच्या दुकानात शाळेच्या बिल्ल्यांसोबत लढाऊ स्क्वॉड्रनची, म्हणजे हवाई दलातल्या विमानांच्या तुकड्यांची, चिन्हंही शिवून मिळतात. काम चांगलं आहे, पण नमुना तपासून द्यायची जबाबदारी तुमची.

ब्रिटिश हवाई दलाच्या स्क्वॉड्रन चिन्हांना १९३६ पासून ठरलेली चौकट मिळाली: वर मुकुट, खाली बोधवाक्याची पट्टी. दुसऱ्या महायुद्धातल्या चिन्हावर राजाचा, गोल कमानींचा मुकुट हवा. राणी एलिझाबेथच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मधोमध खचलेल्या असतात. इंटरनेटवरचं चित्र बहुधा नंतरचंच असतं, आणि दुकानदार तेच शिवतो. ७४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचा वाघ सुंदर जमला होता, मुकुट मात्र चुकीच्या काळातला.

भारतीय चिन्हांत स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. १९४४ मध्ये इंफाळला लढलेल्या पहिल्या स्क्वॉड्रनचं 'एकता में शक्ति' हे बोधवाक्य छान उमटतं. हवाई दलाच्या 'नभः स्पृशं दीप्तम्'मध्ये मात्र जोडाक्षरं अडकतात. अक्षर ७-८ मिलिमीटरपेक्षा लहान ठेवलं, की अनुस्वार आणि विसर्ग टाक्यांत बुजतात. म्हणून बिल्ला साडेतीन इंचांचा घ्या.

टाके फार दाट झाले, तर कापड आक्रसतं. खाली जाड अस्तर मागा. धागा पॉलिस्टरचाच सांगा, लाल रंग धुण्यात उतरत नाही. एक नमुना शिवून पाहिल्याशिवाय पूर्ण ऑर्डर देऊ नका.