केदारकंठ्याला जाताय? मोजे कोणते घ्याल?

डिसेंबरच्या पहाटे पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर पुरतात ते मोजे उत्तराखंडातल्या केदारकंठ्याच्या बर्फातल्या ट्रेकला पुरत नाहीत. कोल्हापुरात पारा १४-१५ अंशांवर आला की आपण कानटोपी काढतो. साडेबारा हजार फुटांच्या त्या माथ्यावर हिवाळ्यातल्या पहाटे तो शून्याच्या बराच खाली असतो. त्यात आपले पाय पायताणात वाढलेले, पंजे पसरट, मोज्यांची सवय कमी.

सुती मोजे यादीतून आधीच काढा. पहिल्या खेपेला मी तेच दोन जोड एकावर एक घातले होते. चढाला तासाभरात घामानं भिजले आणि थांबलो की बोटं बधिर. सुतानं घाम धरून ठेवला, आणि दोन जोडांनी बूट इतका आवळला की बोटांपर्यंत रक्त नीट पोचेना. जाडी वाढवली म्हणून ऊब वाढत नाही, हे तिथं कळलं.

हिवाळ्यात स्वेटरच्या स्टॉलवर मिळणारे 'लोकरीचे' मोजे बहुतेकदा ॲक्रिलिकचे असतात. मऊ आणि स्वस्त, तंबूत झोपताना उत्तम. पण चालताना घाम आत साचून पाय चिकट होतो आणि दोन दिवसांत टाचेखालची गादी दबते.

चालायला मेरिनो, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचे मोजे घ्या. धनगरांची घोंगडी पावसात भिजली तरी ऊब देते, तोच लोकरीचा गुण इथं आहे. पण आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड, उघड्या कातडीला टोचते. मेरिनोचा तंतू बारीक, तो टोचण्याऐवजी वाकतो. स्वतःच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश ओलावा तो पोटात घेतो, तरी पायाला ओलं लागत नाही. वासही कमी येतो, आणि पाच-सहा दिवस अंघोळ नसलेल्या तंबूत ही मोठीच गोष्ट आहे.

लेबल वाचूनच घ्या. मेरिनो ६०-७० टक्के, बाकी नायलॉन आणि थोडं लायक्रा असं मिश्रण मला सर्वांत टिकाऊ वाटतं. शंभर टक्के लोकर टाचेवर लवकर झिजते. मोजा उलटा करून पाहा: टॉवेलसारखे दाट फासे तळव्यावर, टाचेवर आणि बोटांखाली हवेत, पावलाच्या वरच्या बाजूला वीण पातळ असली तर बरं. उंची बुटाच्या कडेच्या वर यायला हवी.

पॉलिस्टर-नायलॉनचे गादीवाले मोजे मी पावसाळ्यासाठी ठेवतो. पन्हाळा ते पावनखिंड चालताना चिखलपाणी बुटात शिरतंच. तिथं भिजणं टळत नाही, लवकर वाळणं महत्त्वाचं. बर्फात मात्र माझा कौल मेरिनोलाच, किंमत बरीच जास्त असूनही.

बूट घेतानाच मोजे घालून बघा, तेही संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. मग एका रविवारी जोतिबाचा डोंगर चढून-उतरून या. उतरताना बोटं पुढं आपटली किंवा टाच घासली, तर एक तर बूट बदला, नाही तर मोज्याची जाडी.

चालायला दोन जोड आणि झोपायला तिसरा, जो तंबूबाहेर घालायचाच नाही. घरी आल्यावर मोजे उलटे करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. गरम पाण्यात टाकलेला माझा एक जोड आटून पुतण्याच्या मापाचा झाला होता.