वेदनेसाठी संगीताचं ॲप: सगळं जमलंय, तो शेवटचा प्रश्न तेवढा आवरा

वेदना कमी व्हाव्यात म्हणून संगीत ऐकवणारं एक ॲप मी वापरते. त्याची वर्गणी संपत आली, ती पुन्हा भरायची की नाही हे ठरवताना लिहितेय. कमरेचं दुखणं जुनं आहे. तीन महिन्यांपुढे टिकलं की डॉक्टर त्याला दीर्घकालीन वेदना म्हणतात. ती हद्द मी केव्हाच ओलांडली. गोळ्या, व्यायाम चालू आहेत, संगीत त्यांच्या जोडीला.

ॲपमधली तयार सत्रं अशी असतात: लय हळूहळू उतरते, तळाशी रेंगाळते, पुन्हा चढते. पहिले काही आठवडे मी त्यांच्यावर बेहद्द खूश होते. गुडघ्यांखाली उशी घेऊन पडायचं. थोड्या वेळात आवळलेला जबडा सुटतो, श्वास लांबतो. दुखणं जात नाही, धार बोथट होते. मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये मांडलं होतं की वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच कमीजास्त होतात आणि त्यावर मेंदूचाही ताबा चालतो. म्हणून लक्ष कुठे आहे याला इतकं महत्त्व.

आणि नेमकी इथेच हे ॲप माती खातं. शेवटचा सूर विरतो न विरतो तोच टिंग! स्क्रीन उजळते: 'आता वेदना किती? ० ते १०'. अहो, जिच्यावरून मन काढायला एवढा खटाटोप केला, तिलाच परत हाक मारता? मी कंबर चाचपायला लागते आणि दुखरी जागा लगेच सापडते. आकडा दिल्याशिवाय खिडकी बंद होत नाही. तक्रारीला 'प्रगती मोजण्यासाठी आवश्यक' असं छापील उत्तर आलं. मोजा ना, दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा! पैसे भरून ही सक्ती का सोसायची?

पुढे ॲपमधला 'माझी गाणी' हा आपलीच गाणी लावायचा भाग वापरायला लागले आणि तयार सत्रांबद्दलचं मत उतरलं. माझी गाणी काही संथ नाहीत, चांगली ठेक्याची आहेत. पण पुढची ओळ कुठे वळणार हे ठाऊक असतं, पायाची बोटं आपोआप ताल धरतात. स्वतः निवडलेलं संगीत जास्त लागू पडतं असं संशोधनातही पुष्कळदा दिसलंय.

चमत्काराची आशा धरू नका. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००६ च्या आढाव्यात संगीत आणि वेदनेवरचे ५१ अभ्यास होते. संगीताने वेदनेत पडलेला फरक ० ते १० च्या मापावर सरासरी अर्ध्या अंकाचा. रात्री कूस बदलताना मला तेवढाही हवा असतो.

तूर्त वर्गणी भरत नाही. फोनमधल्या साध्या प्लेअरवर तीच गाणी लावते, संपली की कोणी काही विचारत नाही. प्रश्न बंद करायचं बटण आलं तर मात्र त्याच दिवशी परत येईन.