लाल थकबाकी की रोजची कोरी पाटी?

कामांच्या यादीसाठी ॲप शोधणाऱ्याला लोक रंग, विजेट आणि किंमत सांगत बसतात. ते डाउनलोड करतानाच कळतं. माझ्या मते पाहायचं ते एवढंच, की काल राहून गेलेलं काम यादी आज सकाळी तुमच्यापुढे कशी आणते.

यात मला दोन घराणी दिसतात. पहिलं तारखेचं. कामाला तारीख लावायची, तो दिवस उजाडला की ते आपोआप समोर हजर. टूडूइस्ट हे यातलं जुनं नाव, 2007 पासूनचं. दुसरं घराणं रोज नव्याने मांडामांड करणाऱ्यांचं. मायक्रोसॉफ्ट टू डूमधलं 'माय डे' नावाचं पान मध्यरात्री रिकामं होतं. कामं कुठे जात नाहीत, आपापल्या यादीत पडून असतात. सकाळी कोरं पान उघडायचं, दिव्याच्या चिन्हावर बोट ठेवलं की कालची उरलेली सुचवली जातात, त्यातली आज जमतील तेवढीच उचलायची.

मी दोन वर्षं पहिल्या घराण्यात काढली. ॲपचं नाव घेत नाही, कारण निम्म्याहून जास्त चूक माझी होती. सोसायटीचा सेक्रेटरी झालो तेव्हा उत्साहात सगळ्यालाच तारखा लावल्या. वीजबिल, आईच्या बीपीच्या गोळ्या, टाकी धुणे, पावत्या वाटणे इथपर्यंत ठीक. पण 'माळा आवरणे' यालाही तारीख, 'जुने फोटो स्कॅन करणे' यालाही. माळ्याला कसली आलीय तारीख! झालं काय, की महिनाभरात रोज सकाळी सात वाजता फोन उघडला की वर लाल अक्षरांत थकलेली कामं. आधी सहा, मग अठरा, मग त्रेचाळीस. बायको एकदा डोकावून म्हणाली, "तुझ्या फोनलाही बीपी झालंय का?"

या लालीवर उपाय म्हणून तिथे एक बटण असतं, थकलेलं सगळं एकदम पुढे ढकलायचं. मला त्याची सवयच लागली. चहा गाळायच्या आधी बटण दाबायचं, यादी स्वच्छ. एका जूनमध्ये त्या त्रेचाळिसांत लिफ्टच्या एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, नूतनीकरणही होतं आणि माळ्याबरोबर मी तेही रोज ढकलत होतो. करार संपून आठ दिवस झाल्यावर लिफ्ट बंद पडली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गव्हाची पिशवी घेऊन जिना चढताना भेटल्या. काही बोलल्या नाहीत, फक्त पिशवी माझ्या हातात दिली. त्या रात्री मी यादी दुसऱ्या घराण्यात हलवली.

आता उलट बाजूही सांगायला हवी. तारखेच्या घराण्यातल्या एका कसबाची उणीव मला अजून भासते. टाकी दर तीन महिन्यांनी धुवायची असते. ती वीस दिवस उशिरा धुतली, तर पुढचे तीन महिने मूळ तारखेपासून धरायचे की धुतल्या दिवसापासून? वीजबिलाचा हिशेब मूळ तारखेचा, टाकीचा धुतल्या दिवसाचा. टूडूइस्टमध्ये हा फरक एका उद्गारचिन्हाने करता येतो. इंग्रजीत 'एव्हरी' लिहून पुढे तीन महिने लिहिले की मूळ तारखेपासून, 'एव्हरी'ला उद्गारचिन्ह जोडलं की काम पूर्ण केल्यापासून. ज्याने कुणी हे बसवलंय त्याने कधीतरी टाकी धुतलेली असणार. माझ्या सध्याच्या यादीत मी टाकीची पुढची तारीख हाताने टाकतो आणि दर वेळी थोडी चिडचिड होते.

आणि दुसऱ्या घराण्यात लाल रंग नसतोच असं नाही. तारीख दिलीत आणि ती उलटली, की टू डूमध्येही ती लाल होते. फरक इतकाच, की 'माय डे' वापरताना तारीख न देताही काम रोजच्या रोज नजरेखालून जातं. त्यामुळे मी तारीख फक्त चुकली तर कुणाला तरी जिना चढावा लागेल अशा कामांना देतो. सध्या अशी पाच आहेत. पाचांतलं एक लाल झालं की लगेच दिसतं, त्रेचाळिसांत दिसत नव्हतं.

ॲप किती टिकेल असं कुणी विचारतं म्हणून सांगतो. वुंडरलिस्ट हे बर्लिनचं ॲप लोकांच्या गळ्यातला ताईत होतं. 2015 साली मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं, 2017 मध्ये टू डू आणलं आणि मे 2020 मध्ये वुंडरलिस्टला कुलूप लागलं. याद्या टू डूमध्ये नेण्याची सोय होती, हे खरं. तरी कुठलंही ॲप घेताना यादी बाहेर कशी काढायची हे आधी बघून ठेवा.

तुम्ही वकील असाल, सीए असाल, किंवा तुमच्या बहुतेक कामांना खरोखर बाहेरून कुणीतरी तारीख दिलेली असेल, तर पहिलंच घराणं घ्या. माझा मेहुणा वकील आहे, त्याला माझं कोरं पान बघूनच धडकी भरते. पण घर, सोसायटी आणि 'कधीतरी करू' असा संसार असेल, तर महिनाभर कोरं पान वापरून बघा असं मी म्हणेन. सकाळची पाच मिनिटं द्यावी लागतात, हे धरून चाला. ती न देणाऱ्याला हे पान दिवसभर कोरंच दिसेल आणि काही करायचं नाहीये असा सुखद गैरसमज होईल.

आज सकाळी मी चार कामं उचलली. गोळ्या आणल्या, पावत्या वाटल्या, प्लंबरला फोन झाला. माळा रात्री बारा वाजता पुन्हा आपल्या यादीत जाऊन बसेल.