मारवेलच्या बियांची डीएनए तपासणी : पाचपैकी साडेतीन तारे

गेल्या दिवाळीनंतर सासवड, दौंड, माण, खटाव असं फिरून मी मारवेल गवताचं बी जमवलं. ४८ पुड्या झाल्या. हे बी उजाड माळांवर पेरायचं आहे, त्यामुळे त्यात खरंच किती तऱ्हा आहेत ते आधी कळायला हवं होतं. पुण्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेकडून एसएसआर मार्करची तपासणी करून घेतली, म्हणजे डीएनएत पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची लांबी पाहून कुठलं रोप वेगळं ते ओळखणं. पुढे एक तक्रार आहे, म्हणून नाव देत नाही.

सल्ला मात्र पहिल्या फोनपासून उत्तम मिळाला. मारवेलचे तुरे चोळले की हातात केसाळ कुसळं येतात आणि त्यातली बरीच पोचट निघतात. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "बी नको, रोप उगवून कोवळं पान पाठवा. आणि एका ठोंबाचं एकच रोप घ्या." माझे कितीतरी पैसे वाचले. मारवेलमध्ये अपोमिक्सिस असतं. बियांतला गर्भ बहुतेकदा फलन न होताच तयार होतो आणि रोप हुबेहूब आईसारखं निपजतं. एकाच ठोंबाची दहा रोपं तपासली असती तर तेच रोप दहादा तपासल्यासारखं झालं असतं. पानं सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांत वाळवून कुरिअरने पाठवली. एकही नमुना वाया गेला नाही.

सोबत राहुरी कृषी विद्यापीठाच्या फुले मारवेल-०६-४० या वाणाचा एकच ठोंब मी दोन वेगळ्या क्रमांकांखाली, न सांगता पाठवला होता. दोघांचे डीएनएचे पट्टे (एका लांबीच्या तुकड्याचा एक पट्टा) तंतोतंत जुळले. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आता तक्रार. पहिल्या अहवालात कुठल्याही नमुन्याला दोनपेक्षा जास्त पट्टे नव्हते. मला शंका आली, हे पट्टे ज्यावर उमटतात त्या जेलचा फोटो मागवला. सात नंबरच्या रांगेत चार पट्टे ठसठशीत दिसत होते! मारवेल बहुतेक ठिकाणी चतुर्गुणित असतं, म्हणजे गुणसूत्रांचे दोन नव्हे, चार संच; २० नव्हे, ४० गुणसूत्रं. म्हणून एका नमुन्यात चारपर्यंत पट्टे येऊ शकतात. यांनी दोन संचांचा हिशोब लावून ठळक तेवढे पट्टे ठेवले, बाकीचे गाळले. त्यामुळे वेगळे ठोंब सारखे ठरले. दुरुस्त अहवाल फुकट दिला, पण त्यात तीन आठवडे गेले आणि पहिल्या पावसाची पेरणी हुकली. एक तारा त्याचा गेला, अर्धा तारा फोटो मागितल्याशिवाय न दिल्याबद्दल.

नव्या अहवालात दौंडची ७ आणि माणची ३१ नंबरची पुडी अगदी एक निघाली, तर सासवडच्या एकाच उतारावरचे पाच ठोंब पाच तऱ्हांचे. तिथले मेंढपाळ बाबा बी गोळा करतानाच म्हणाले होते, "ताई, ह्या टेकाडावरलं समदं एक न्हाई." आता त्या उतारावरून जास्त बी घेणार आहे.

पुढची खेप अंजन गवताची. पाठवणार इथेच, फक्त फॉर्मवर 'चार संच' असं लाल शाईने लिहून.